आईच्या ताटातलं तेल-तूप आणि बाळाची पुढची तब्येत

सून गरोदर आहे असं कळलं की घरातली खुशी आधी स्वयंपाकघरात दिसते. ‘आता दोन जिवांचं खा’ म्हणत दादी तुपाचा हात सैल सोडतात, खाला समोसे पाठवतात. माया खरीच असते. पण या दिवसांत आई जे तेल-तूप खाते, त्याचा परिणाम बाळाच्या पुढच्या तब्येतीवरही होतो.

आईच्या रक्तातली चरबी वारेतून बाळापर्यंत पोहोचते. मेंदू आणि डोळे घडायला ती लागतेच. मात्र त्वचेखाली चरबी साठवायची बाळाची सोय शेवटच्या महिन्यांतच होते. त्याआधी जास्तीची चरबी आली तर ती यकृतात जाऊन बसू शकते. अमेरिकेत माकडिणींना गर्भारपणात जास्त चरबीचा आहार दिला गेला. माकडीण सडपातळ असली, तरी गर्भातल्या पिल्लाच्या यकृतात चरबी वाढलेली आढळली. लठ्ठ माकडिणींना पुढच्या खेपेला साधा आहार दिला, तर ती घटली. म्हणजे सुधारायला उशीर झालेला नसतो.

आपल्यासाठी पुण्याचा अभ्यास महत्त्वाचा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा मागोवा घेतला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. अशी शरीररचना पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते. म्हणून ‘बाळ बारीक आहे, तूप वाढवा’ हा उपाय नव्हे. त्याच अभ्यासात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त घेणाऱ्या मातांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती.

पालकसभेत आम्हाला आया विचारतात, मग तूप बंदच करायचं का? नाही. चमचाभर तूप चालतं. चिल्ल्यातला हरीराही चालतो, फक्त तूप बेताचं असावं. टाळायचं ते वनस्पती तूप, बेकरीची खारी-नानखटाई आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. त्यातली ट्रान्स फॅट सगळ्यात वाईट. 2022 पासून सरकारने ती तेल-तुपात 2 टक्क्यांवर मर्यादित केली आहे. त्याऐवजी जवसाची चटणी, अक्रोड, शेंगदाणे घ्या. कोकणातल्या घरांत बांगडा आणि तारली आहेतच. आठवड्यातून दोनदा खा, पण तळून नव्हे, कालवणात. मुशीसारखे मोठे मासे टाळा, त्यांत पारा जास्त असतो. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

शेवटचं, घरातल्या पुरुषांसाठी. पुढे मुलाला मधुमेह झाला तर बोट आईकडे दाखवलं जातं. पण बाजारातून तेलाचा डबा कोण आणतं? इफ्तारला रोज भजी कोण मागतं? गरोदर बाईचं ताट सगळं घर मिळून वाढतं, म्हणून जबाबदारीही सगळ्या घराचीच आहे.