छोट्या विमानातली ऊब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नकाशावर जुहूच्या धावपट्टीपासून पुण्याकडे किंवा बारामतीकडे सरळ रेषा ओढली, तर ती कर्जत-खालापूरच्या डोक्यावरून जाते. पुढे लगेच सह्याद्रीचा कडा, म्हणून छोट्या विमानाला इथे उंची घ्यावीच लागते. दर हजार फुटांना हवा सरासरी 2 अंशांनी थंड होते. खाली कर्जतला 20 अंश असतील, तर 8000 फुटांवर साधारण 4. ‘आपल्याकडे विमानात हीटर कशाला?’ हा समज या हिशेबापुढे टिकत नाही. शिवाय दमट हवेत समोरच्या काचेवर बाष्प धरतं, तेही याच हीटरच्या हवेने घालवावं लागतं.

खरा घोळ पुढे आहे. हा हीटर मोटारीसारखाच असणार, असं बहुतेक जण धरून चालतात. बोरघाट चढणाऱ्या मोटारीत इंजिनातून फिरून तापलेलं पाणी आतली हवा गरम करतं. सेस्ना 152 किंवा 172 सारख्या पेट्रोलवरच्या विमानांचं इंजिन सहसा वाऱ्यानेच थंड होतं. त्यात पाणी नाही. मोठ्या जेटमध्ये इंधन जळण्याआधीची दाबलेली गरम हवा काढून घेतात, तीही सोय इथे नाही. उरतो तो इंजिनाचा धूर. सायलेन्सरभोवती पत्र्याचं आवरण बसवलेलं असतं. बाहेरची थंड हवा त्या पोकळीतून जाताना तापते आणि झडप उघडली की केबिनमध्ये येते. एरवी वाया जाणारी उष्णता वापरली जाते, ही रचनेतली हुशारी मान्यच करायला हवी. पण श्वासाची हवा आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यामध्ये सायलेन्सरच्या पातळ पत्र्याचाच आडोसा राहतो. म्हणून हा हीटर चैनीची वस्तू न मानता इंजिनाचा भाग मानावा आणि त्याची तपासणीही तितक्याच कसोशीने व्हावी.

यावर आक्षेप येतो की, आम्ही हीटर वर्षातून चारदाही लावत नाही, मग आम्हाला काय धोका? पण सायलेन्सरला तडा जातो तो वारंवार तापण्या-निवण्यामुळे आणि थरथरीमुळे; हीटर लावला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. भर उन्हाळ्यातही तो तितकाच तापतो. उलट क्वचित लागणाऱ्या हीटरमागची चीर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पहिल्या थंडीत झडप उघडली की धूर थेट आत येतो. झडप बंद असली तरी इंजिनामागच्या भिंतीतल्या फटींतून किंवा दाराच्या झिजलेल्या रबरातूनही तो शिरू शकतो.

‘धूर आला तर वास येईलच’ हा समज सर्वांत घातक. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धुरातल्या इतर घटकांचा वास आला तर ती सूचना समजावी. न आला तर हवा शुद्ध आहे, असं मुळीच नाही. कर्जतच्या शेतघरात थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवणं जिवावर बेततं, ते याच वायूमुळे. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. त्यात उंचीवर ऑक्सिजन आधीच विरळ. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि निर्णय घेणारा मेंदूच आधी मंदावतो. 21 जानेवारी 2019 रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर मालिबू विमानात होता, ते इंग्लिश खाडीत कोसळलं. त्याच्या रक्तातलं 58 टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेलं आढळलं. शेवटच्या तपासणीनंतर ते विमान जेमतेम 11 तास उडालं होतं, आणि धोक्याचा इशारा देणारं उपकरण त्यात नव्हतं.

म्हणजे तपासणी हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. रंग बदलणारी चिकटपट्टी स्वस्त असते, पण तिच्याकडे कुणी पाहिलं तरच उपयोग, आणि तिची मुदतही संपते. मोठ्याने वाजणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण हवं. ते वाजलं किंवा डोकं जड झालं, तर हीटर बंद करा, ताज्या हवेचे झरोके पूर्ण उघडा, असल्यास ऑक्सिजन घ्या आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. उतरल्यावर बरं वाटलं म्हणून पुन्हा उड्डाण करू नका: साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला हा वायू निम्मा व्हायलाच 4 ते 5 तास लागतात.