आम्ही दोघं थायलंडला गेलो: कागद, पैसे आणि समुद्र

मागच्या भागात आम्ही दोघं थायलंडला जाऊन आलो, एवढंच सांगितलं होतं. त्यावर गटांकडून इतके प्रश्न आले की आजचं सगळं बोलणं त्यावरच करायचं ठरवलं. किती खर्च आला, इंग्रजी येत नसताना कसं जमलं, माळकरी माणसानं तिकडं खायचं काय, आणि समुद्रात उतरलात का? प्रश्न साधे आहेत, पण यातल्या दोन-तीन गोष्टी नीट माहीत नसतील तर आयुष्यभराची पुंजी आणि कधी कधी जीवसुद्धा पणाला लागतो. म्हणून सविस्तर सांगतो.

आम्ही हिंजवडीचे. आमच्याकडे शेतं गेली, कंपन्या आल्या, आणि आता रोज परदेशात जाणारी-येणारी पोरं गल्लीत दिसतात. तरी आमच्या पिढीतल्या बायकांनी विमान पाहिलंय ते लोहगावच्या बाजूला उडताना. आता मुलं-सुना म्हणतात, आई-बाबा, तुम्ही जाऊन या. ते तिकीट काढून देतात, हॉटेल बघतात. कागद मात्र ज्याचे त्यालाच जमवावे लागतात, आणि बाईची खरी अडचण तिथंच असते.

अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नावापुढं 'बाई' लावलेलं, मतदान कार्डावर ते गाळलेलं. गावात याचं काही अडत नाही, पण पासपोर्टच्या खिडकीवर अडतं. आधी सगळे कागद एका चटईवर मांडा आणि नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळवा. आधारमधली दुरुस्ती आधी, पासपोर्टचा अर्ज नंतर. बऱ्याच जणींना वाटतं, लग्नाचा दाखला नसेल तर पासपोर्ट होत नाही. तसं नाही. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जाला लग्नाचा दाखला सक्तीचा राहिलेला नाही. माहेरच्या नावानंही पासपोर्ट निघतो. सासरचं नाव घ्यायचं असेल तर मात्र त्याचा पुरावा लागतो. जन्माचा दाखला नसेल, आणि आपल्या वयाच्या कितीजणींकडे तो असतो, तर शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, मतदान कार्ड असले कागद चालतात. जन्माचाच दाखला हवा, हा नियम १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांसाठी आहे.

अर्ज सरकारच्या 'पासपोर्ट सेवा' साइटवर भरायचा. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, मुदत दहा वर्षं. पुण्याचं मोठं सेवा केंद्र मुंढव्याला आहे, आणि काही मोठ्या पोस्टांतही ही सोय आहे. बोटांचे ठसे, फोटो, सही, मग पोलीस चौकशी. पासपोर्ट पोस्टानं घरी येतो. मधे कुणी चार-पाच हजार मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे आहेत, सरकारचे नाहीत. आणि एक: प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी.

आता 'ईसीआर' हा शब्द. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर तो येतो. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी तो बघून जाणंच रद्द केलं होतं, त्यांना वाटलं, आपल्याला बंदी आहे. त्याचा अर्थ एवढाच की आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा अठरा ठरलेल्या देशांत नोकरीसाठी जायचं असेल तर आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. फिरायला जायला ती लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवा. पन्नाशी ओलांडलेल्यांना वयाचा पुरावा देऊन हा शिक्का नसलेला पासपोर्ट मिळू शकतो. हा शिक्का शिक्षेचा नसून राखणीचा आहे, आणि राखण कशापासून, ते सांगायलाच हवं.

थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय यायची मुभा दिली. त्यामुळे आमच्यासारख्यांची सोय झाली, आणि त्याच दारानं दलालांचीही. 'थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी, राहणं-जेवण फुकट' म्हणून पोरांना पर्यटक म्हणून नेतात. बँकॉकहून गाडीनं माए सोत या सीमेवरच्या गावी, तिथून नदीपार म्यानमारमध्ये. तिथं पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरून लोकांना फसवण्याचं काम मारहाण करून करवतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना माए सोतहून परत आणलं. तेव्हा गटातल्या कुणाच्या मुलाला 'आधी टुरिस्ट म्हणून जा, परवाना तिकडं करू' असं कुणी सांगितलं, तर तिथंच थांबवा. परदेशी कामाला माणसं नेणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' साइटवर असते.

व्हिसाचे नियम बदलत असतात. तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर त्या दिवशीचा नियम बघायला मुलांना सांगा. १ मे २०२५ पासून एक ऑनलाइन फॉर्मही भरावा लागतो, पोहोचायच्या तीन दिवस आधीपासून. तो पूर्ण फुकट आहे. त्याच्या नावानं पैसे मागणाऱ्या खोट्या साइट आहेत.

खर्चाचं थोडक्यात. आम्ही सात रात्री राहिलो, तीन बँकॉकला, चार क्राबीला. विमान, हॉटेल, खाणं-फिरणं धरून दोघांचे दीड लाखाच्या आसपास गेले. एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपये. पैसे दोघांनी वाटून ठेवले, निम्मे निम्मे, आणि ज्याचा पासपोर्ट त्याच्याच पिशवीत. नवऱ्याकडे सगळं देऊन बाईनं रिकाम्या हातानं फिरायचं, ही आपली जुनी सवय परक्या देशात धोक्याची आहे. गर्दीत चुकामूक झाली तर तिच्याकडे ना पैसा ना ओळख. पासपोर्टची झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत आणि फोटो मुलांच्या फोनवर ठेवा. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर ती 'टीसीएस' नावाचा कर कापून घेते. तो बुडत नाही, रिटर्न भरला की हिशेबात धरला जातो. मात्र तो ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच मिळतो, म्हणून पावती मागून घ्या.

मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तासांवर आहे. तिकडं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आणि आत समुद्रमंथनाचा मोठा देखावा. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, मधे वासुकी. परक्या देशाची भीती आमची तिथंच निम्मी गेली. थाई लोक आपल्या राजधानीला क्रुंग थेप म्हणतात. तिचं पूर्ण नाव भलतं लांबलचक आहे, आणि त्यात अयोध्याही येते आणि विश्वकर्माही. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळात ओवरीच्या भिंतीवर रामायणाची १७८ चित्रं आहेत. भाषा येत नसली तरी आम्ही हनुमान, रावण, सेतू ओळखत ओळखत पुढं सरकलो. त्या देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडीला काहीच अडचण नाही.

साडीवरून आठवलं. नदीपलीकडच्या वाट अरुणला थाई मुली जुना पोशाख भाड्यानं घेऊन फोटो काढत होत्या. कमरेला गुंडाळलेलं वस्त्र पायातून मागं खोचलेलं, थेट आपला काष्टा! त्याला ते चोंग क्रबेन म्हणतात. आणि शहराच्या मधोमध दोन उंच लाल खांबांची चौकट उभी आहे. १७८४ साली ब्राह्मणांच्या देवळापुढं उभारलेला तो झोपाळा. सणाला माणसं त्यावर उंच झोके घेत, पडून जीव जात. १९३५ पासून ते बंद आहे. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड बघत वाढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बँकॉकची रहदारी मात्र आमच्या हिंजवडीच्या फेज दोनलाही मागं टाकील. पण तिथं रस्त्यावरून धावणारी रेल्वे १९९९ साली सुरू झाली. आम्ही रिक्षापेक्षा ती रेल्वे आणि नदीतली बोट धरली. भाडं भिंतीवर लिहिलेलं असतं, घासाघीस नाही. राजवाड्याच्या बाहेर एखादा सभ्य दिसणारा माणूस येऊन सांगतो, 'आज बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो,' आणि मग रत्नांच्या दुकानात नेऊन बसवतो. हा तिथला जुना डाव आहे. वाडा बंद आहे का, ते तिकीट खिडकीवरच कळतं.

भाषेचं म्हणाल तर 'सवाद्दी' हा नमस्कार. मूळ शब्द आपला 'स्वस्ति'च. बाईनं पुढं 'खा' म्हणायचं, पुरुषानं 'क्रप'. हात जोडायचे. हॉटेलचं नाव थाई अक्षरांत छापलेलं कार्ड जवळ ठेवलं की परतीची काळजी मिटते. बाकी भाव सांगायला कॅल्क्युलेटर आहेच. तीन गोष्टी मात्र पाळा. बुद्धाच्या मूर्तीकडं पाय करून बसू नका. लहान पोराच्याही डोक्याला हात लावू नका. आणि राजाविषयी चेष्टेनंही बोलू नका, त्याला तिथं तुरुंग आहे.

खाणं. तिकडच्या बहुतेक भाजीत नाम प्ला, म्हणजे मासळीचं पाणी, पडतंच. 'नो मीट' सांगितलं तरी ते येतं. माळकऱ्यांनी पिवळ्या पाटीवरचं लाल अक्षर शोधावं. ते दिसायला इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं असतं, उच्चार 'जे'. त्या दुकानात मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही नसतो. आम्हाला सोम तम फार आवडलं. कच्ची पपई, मिरची, शेंगदाणे, लिंबू, सगळं उखळात बाई तुमच्यासमोर चेचून देते. पण त्यातही मासळीचं पाणी असतं, आधी सांगावं लागतं.

गटांसाठी एक जादा गोष्ट. दुकानांत 'ओटॉप' अशी पाटी दिसली. म्हणजे एका गावसमूहाचा एक माल. ही योजना थायलंडनं २००१ मध्ये सुरू केली, कल्पना जपानमधली. साबण, विणकाम, सुकवलेलं फळ, प्रत्येक मालाला एक ते पाच तारे. माल तोच आपल्यासारखा, पण पुडा, पट्टी आणि वजन बघण्यासारखं. आम्ही दोन रिकामे पुडे घेऊन आलोय, पुढच्या बैठकीत दाखवतो.

आता समुद्र. आपल्या कोकणात पाऊस आणणारा नैऋत्य वारा तोच क्राबी-फुकेतच्या किनाऱ्यावरही आदळतो. म्हणून मे ते ऑक्टोबर तिकडं तिकीट स्वस्त आणि समुद्र खवळलेला. नोव्हेंबर ते एप्रिल शांत. लाल झेंडा असेल तर पाय भिजवण्यापुरतंही खोल जायचं नाही.

पोहता येणारी माणसंही बुडतात, त्याचं कारण समजून घ्या, कारण ते अलिबाग-गणपतीपुळ्यालाही लागू आहे. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एका अरुंद पट्ट्यातून जोरानं आत ओढलं जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. म्हणून नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. ओढ लागली की तो किनाऱ्याकडं तोंड करून झगडतो, दमतो आणि बुडतो. ती ओढ खाली खेचत नाही, आत नेते. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. पट्टा सुटला की लाटाच परत आणतात. वाचवायला म्हणून दुसऱ्यानं उडी घेऊ नये. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं.

किनाऱ्यावर काही ठिकाणी खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात. त्या विषारी जेलीफिशसाठी. डंख झाला तर चोळायचं नाही, व्हिनेगर ओतायचं आणि दवाखाना गाठायचा. निळ्या पाट्यांवर उंचावर पळणारा माणूस दिसेल. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत थायलंडमध्ये पाच हजारांहून अधिक माणसं गेली, त्यानंतर त्या लागल्या. समुद्र अचानक मागं हटला तर शंख वेचायला पुढं जायचं नाही, पाटी दाखवते तिकडं चढायचं.

स्कूटर भाड्यानं देणारे पासपोर्ट ठेवून घ्यायला बघतात. देऊ नका. आमच्याकडे मागितला तेव्हा आम्ही स्कूटरच सोडून दिली. काही अडलं तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग बँकॉकमधला आपला दूतावास.

शेवटचा प्रश्न आला होता गुडघ्यांचा. वाट अरुणच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, खालूनच बघा, काही बिघडत नाही. राइलेच्या किनाऱ्याला डोंगर आडवा असल्यानं रस्ता नाही, लांब शेपटीच्या लाकडी नावेनंच जावं लागतं. आओ नांगहून त्या नावेत चढताना गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. नाववाला हात देतो. नावेच्या नाकाडाला रंगीत फिती आणि फुलं बांधलेली असतात. तिथं त्यांची नावेची देवी बसते, त्यावर पाय ठेवायचा नाही. साडी नेसून जाणार असाल तर त्या दिवशी काष्टाच घाला.