सीतागुंफेत मान कोण वाकवतं?

नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेसमोरची रांग पाहिली आहे का तुम्ही? बाहेर वडाखाली माणसं गप्पा मारत ऐसपैस उभी असतात. गुंफेच्या दारापाशी पोचली की एकेकाचं रूपच पालटतं. सहा फुटी काका अंग चोरून निम्मे होतात. नऊवारीतल्या आजी ओचा सावरतात, सरळ पायरीवर बसतात आणि बसल्या बसल्याच पुढे सरकतात. दार ठेंगणं, वाट अरुंद, छत डोक्याला टेकेल इतकं खाली. पुढे कुणाची तरी पाठ, मागून कुणाचा तरी धक्का. तरीही माणसं मान वाकवून, कोपरं आत घेऊन, पायाने पायरी चाचपत उतरतात आणि दर्शन घेऊन सुखरूप बाहेर येतात.

आता जरा विचार करा. त्या गर्दीत तुम्हाला तुमचा पाय दिसत नाही. कोपर दिसत नाही. डोक्याचा मागचा भाग तर तुम्ही आरशाशिवाय जन्मात कधी पाहिलेला नाही! मग छत लागायच्या आत मान नेमकी हवी तेवढीच वाकते कशी? पाय कुठवर पोचला हे न बघता कळतं कसं?

एक प्रयोग इथल्या इथे करा. डोळे घट्ट मिटा. उजवा हात लांब पसरा आणि तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावा. लागली ना? डोळे मिटलेले होते आणि बोट अजून नाकाला शिवलंही नव्हतं. तरी बोट नाकावरच गेलं, डोळ्यात गेलं नाही.

पाच ज्ञानेंद्रियं तुम्हाला तोंडपाठ आहेत: डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा. हे काम त्या पाचांपैकी एकट्या कुणाचंच नाही. तुमच्या प्रत्येक स्नायूत अगदी बारीक संवेदक दडलेले आहेत. स्नायू किती ताणला गेला, किती वेगाने ताणला गेला, याची खबर ते सतत मेंदूला देत असतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांमध्ये आणि सांध्यांमध्येही असे खबरे आहेत. मान किती वाकली, गुडघा किती दुमडला, मूठ किती आवळली, ही बातमी झोपेतसुद्धा मेंदूकडे जात राहते. शरीराच्या या भानाचा पाया घालणारा मोठा अभ्यास चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केला. चेतापेशींवरच्या कामासाठी त्यांना पुढे १९३२ साली नोबेलही मिळालं.

हे भान गेलं तर काय होईल? इयन वॉटरमन नावाच्या एका इंग्रज तरुणाच्या बाबतीत हे खरंच घडलं. साल १९७१, वय १९. एका आजारपणात त्याच्या मानेखालच्या शरीराकडून स्पर्शाची आणि हातापायांच्या जागेची खबर आणणारे चेतातंतू निकामी झाले. स्नायू धडधाकट होते. मेंदूचे हुकूमही स्नायूंपर्यंत पोचत होते. पण हुकूम पाळला गेला की नाही, हे मेंदूला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे त्याला उभं राहणं सोडाच, बसताही येईना. न बघता हात उचलला तर तो भलतीकडेच जाई.

पुढे त्याने जे केलं ते वाचून मी थक्क झाले. तो डोळ्यांनी शरीर चालवायला शिकला. आधी पोटाकडे बघत उठून बसणं, मग पायांकडे बघत उभं राहणं, मग चालणं. तुम्ही बडबड करत जे सहज करता, त्यासाठी त्याला प्रत्येक क्षणी नजर आणि सगळं लक्ष लागायचं. उभा असताना अचानक दिवे गेले, तर तो कोसळायचा. अशा माणसाला सीतागुंफेतली गर्दी किती अवघड गेली असती, कल्पना करा. पायच दिसत नाहीत म्हटल्यावर पायरी उतरणार कशी?

आपल्या डोक्यात मात्र हे काम आपल्या नकळत होतं. मान वाकवायची, हा निर्णय मोठ्या मेंदूचा. त्याला पुस्तकात प्रमस्तिष्क म्हणतात. गुंफेच्या भिंतीला तुम्ही उजवा हात टेकवता तेव्हा त्याचा हुकूम मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडून निघतो. मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात, हुकूम नेणारे बहुतेक तंतू एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात, म्हणून डावा मेंदू उजवं अंग हलवतो आणि उजवा मेंदू डावं. हे असं का, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

पण नुसत्या हुकमाने भागत नाही. मान वाकली की तोल पुढे जातो, तो सावरायला पाठ आणि पोटऱ्या आवळाव्या लागतात, तेही वेळेत आणि बेताने. ही सगळी जुळवाजुळव मुख्यतः लहान मेंदू करतो. अनुमस्तिष्क म्हणतात तो हाच. मानेच्या जरा वर, कवटीच्या मागच्या बाजूला तळहात ठेवा. त्याच्या आत तो आहे. नावाने लहान, वजनाने साऱ्या मेंदूच्या जेमतेम एक दशांश. पण त्यात चेतापेशी किती असतील?

ब्राझीलच्या शास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांनी त्या मोजायला एक धाडसी युक्ती शोधली. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या पेशी त्यांनी विरघळवल्या आणि पेशींची केंद्रकं तेवढी तरंगत राहतील असा एकसारखा द्रव तयार केला. त्याचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून केंद्रकं मोजली आणि हिशेब मांडला. २००९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आकडा जाहीर केला: माणसाच्या अख्ख्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. आणि त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत! गणितं सोडवणाऱ्या, भाषा बोलणाऱ्या मोठ्या मेंदूच्या सालीत फक्त १,६०० कोटींच्या आसपास. मला तर हा मेंदूबद्दलचा सगळ्यात चकित करणारा आकडा वाटतो.

लहान मेंदू आणखी एक कमाल करतो. तुम्ही हात हलवायच्या आधीच त्या हालचालीने काय जाणवेल याचा अंदाज बांधतो. म्हणून तर स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. ताईने पोटाला बोट लावलं की तुम्ही खिदळता. तेच बोट तुमचं असलं की मेंदूला आधीच ठाऊक असतं आणि तो त्या स्पर्शाची धार कमी करतो.

चला, गुंफेतून बाहेर पडून जवळच्याच काळाराम मंदिरात जाऊ. चप्पल बाहेर काढायची. रामनवमीच्या दिवसांत दुपारी आवारातला दगड असा तापतो की विचारू नका. पाऊल टेकलं की चटकन वर! हा ‘पाय उचल’ हुकूम कुणाचा? मेंदूचा नव्हे. तो पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूने परस्पर दिलेला असतो. पायाकडून बातमी आली की मेरुरज्जू पाय उचलायला लावतो आणि त्याच झटक्यात दुसरा पाय ताठ करून भार त्याच्यावर घेतो, नाहीतर आपण पडलोच असतो. मेंदूला बातमी पोचते तेव्हा पाय उचलून झालेला असतो. हीच ती प्रतिक्षिप्त क्रिया.

आणि पायरीला ठेच लागली तर? पुढच्या वेळी नीट लक्ष द्या, गंमत कळेल. (मुद्दाम ठेचकाळू नका हं!) आधी नुसतं कळतं, की अंगठा आपटला. मग क्षणभर थांबून खरी कळ येते आणि तोंडातून ‘आई गं!’ निघतं. कारण दोन्ही बातम्या वेगवेगळ्या तंतूंवरून येतात. सर्वांत वेगवान चेतातंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत धावतात, म्हणजे ताशी चारशे किलोमीटरहून जास्त. ठसठसणारी कळ मात्र अगदी बारीक तंतूंवरून येते आणि ते तंतू सेकंदाला साधारण एकच मीटर चालतात. अंगठ्यापासून डोक्यापर्यंत मीटरभर तरी अंतर आहेच. म्हणून हा सेकंदभराचा उशीर.

ठेच लागली की आई अंगठा चोळून देते आणि खरंच बरं वाटतं. हे नुसतं मायेमुळे नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की चोळण्याच्या स्पर्शाची बातमी मेरुरज्जूत पोचली की ती दुखण्याच्या बातमीची वाट अडवते आणि मेंदूकडे दुखणं कमी पोचतं. त्यांच्या मांडणीत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण आईच्या हाताला शास्त्राचा आधार मिळाला तो मिळालाच.

नदीकडे उतरलात तर नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा दिसेल. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ती आठवण मानतात. घाटावर डोळे मिटून उभे असताना कुठलीही घंटा वाजली, तरी ती डावीकडे वाजली की उजवीकडे हे तुम्ही झटक्यात सांगाल. आवाज डावीकडून आला तर डाव्या कानात तो थोडा आधी पोचतो. किती आधी? सेकंदाचे दीड हजार भाग केले तर फार फार तर त्यातला एक भाग. घंटा जरा समोर सरकली की हा फरक आणखी कमी होतो, अगदी सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यापर्यंत, आणि मेंदूला तोही पकडता येतो.

आता पंचवटीतल्या सगळ्यात धमाल जागी जाऊ. रंगपंचमीला शनी चौकातली रहाड उघडते. नाशिकबाहेरच्या दोस्तांसाठी सांगते: रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला पेशव्यांच्या काळातला खोल हौद. वर्षभर तो लाकडांनी आणि मातीने झाकलेला असतो, त्याच्यावरून माणसं आणि गाड्या बिनदिक्कत जातात. रंगपंचमीला पूजा करून तो उघडतात आणि रंगाच्या पाण्याने भरतात. शनी चौकातला रंग गुलाबी. काठावरून मोठी माणसं त्यात धप्पा मारतात, म्हणजे धपकन उडी घेतात.

उडी मारणारा आत गेला की भोवती सगळं गुलाबी आणि गढूळ. डोळे मिटलेले. पाण्यात अंग हलकं झालेलं, पायाखाली जमीन नाही. तरी वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला कळतं, आणि तो डोकं वर काढतो. इथे उपयोगी पडतात त्याच्या कानातले खडे! अहो, खरेच खडे. प्रत्येकाच्या आतल्या कानात चुनखडीचे अतिशय सूक्ष्म स्फटिक असतात, एका मऊ चिकट थरावर बसवलेले. डोकं कललं की त्यांचं वजन एका बाजूला सरकतं, खालचे केसांसारखे सूक्ष्म तंतू वाकतात आणि मेंदूला डोक्याची दिशा कळते. शेजारीच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकं गर्रकन फिरलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला फिरणं समजतं. तुम्ही गोल गोल फिरून एकदम थांबता तेव्हा तो द्रव थांबायला वेळ घेतो, म्हणून घर फिरतंय असं वाटतं.

या नळ्यांचं काम आत्ता अनुभवता येईल. हा अंक समोर स्थिर धरा आणि वाचता वाचता मान ‘नाही, नाही’ अशी हलवा. अक्षरं वाचता येतात ना? आता मान स्थिर ठेवून अंक तेवढ्याच वेगाने हलवा. सगळं पुसट! मान हलते तेव्हा नळ्यांची खबर मिळून मेंदू सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे उलट्या दिशेला फिरवतो. अंक हलला तर ती खबर येतच नाही.

पाण्याखाली श्वास कोंडतो तोही मेंदूच्या सांगण्यावरून. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मस्तिष्कपुच्छ ‘श्वास घे’ म्हणून तगादा लावतं. तुम्ही झोपलेले असतानाही श्वास तेच चालवतं. त्याच्या हुकमाशी खेळू नका. पाण्यात श्वास रोखण्याची पैज कधीच लावायची नाही, कारण त्यात चांगले पोहणारेसुद्धा बेशुद्ध पडून बुडाले आहेत.

एवढा सगळा पसारा सांभाळणारा मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅमचा असतो. शरीराच्या वजनाचे दोन टक्के. पण आराम करतानाही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतली पाचव्या हिश्श्याएवढी तो एकटा घेतो.

शेवटी घरी करायचा एक प्रयोग. कागदावर मोठी चांदणी काढा, तिच्या आत थोडं अंतर सोडून दुसरी काढा. समोर आरसा उभा करा आणि कागद थेट दिसणार नाही अशी वही मधे आडवी धरायला ताईदादाला सांगा. फक्त आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवा. पहिल्यांदा हात अगदी भलतीकडे जाईल. रोज करा, हात शिकत जाईल.

अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्यावर फेफऱ्यासाठी १९५३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना नव्या गोष्टी लक्षात राहीनात. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञांनी त्यांना तीन दिवस हीच चांदणी गिरवायला दिली. आपण हे आधी केलंय हे मोलेसन यांना आठवत नव्हतं, आणि तरीही त्यांची रेघ सुधारत गेली! आठवणारा मेंदूचा भाग वेगळा आणि हात शिकवणारा वेगळा, हे त्या चांदणीमुळे जगाला कळलं.

तुमच्या चांदण्या तारीख टाकून जपून ठेवा. कितव्या दिवशी रेघ सरळ आली ते आम्हाला पत्राने कळवा. आणि डावखुऱ्या दोस्तांनो, तुम्ही दोन्ही हातांनी करून बघा आणि आधी कुठला हात शिकला ते नक्की लिहा.