पाटी, नोंद आणि गाडी

"दादा, आजीची गाणी बिघडली. डिलीट मारू का? डिस्क भरत आलीय."

मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या आसपास मामाचं गाव. वैशाखात तिथे लग्नाला गेलो होतो. मामेभावाने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, तेव्हा अकराच्या अकरा फाइली निवडून झाल्या होत्या आणि त्याचं बोट डिलीटच्या बटणावर होतं. मी आधी त्याचा हात धरला.

आजी धवलारीण होती, म्हणजे लग्नातल्या विधींची गाणी, धवले, म्हणणारी. हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिला तोंडपाठ. पंचक्रोशीतल्या लग्नघरांतून तिला बोलावणं यायचं. मामीने जुन्या बटणांच्या फोनवर तिचे अकरा धवले टिपून ठेवले होते. फोन मेला, पण कार्डावरच्या फाइली लॅपटॉपवर उतरवलेल्या होत्या. आता एक सोडली तर कोणत्याही फाइलवर डबल क्लिक केलं की नोटपॅड उघडायचं आणि त्यात चौकोन, प्रश्नचिन्हं, डोक्यावर टोपी घातलेली परदेशी अक्षरं, असा सगळा कचरा दिसायचा. दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी "व्हायरस लागलाय, उडवून टाका" असं सांगितलं होतं.

फाइली धडधाकट होत्या. असं घराघरात होतं आणि त्या सल्ल्यापायी कितीतरी आवाज कायमचे पुसले जातात, म्हणून हे सगळं सावकाश सांगतो.

मुरबाडचं एसटी स्टँड डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे रेल्वे नाही, त्यामुळे ते प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडी आत येते, तिच्या कपाळावर पाटी असते: कल्याण, टोकावडे, म्हसा. आपण पाटी वाचून चढतो. कोणत्या पाटीची गाडी कोणत्या फलाटाला लावायची, ते कंट्रोलरच्या केबिनमधल्या नोंदीवरून ठरतं. आणि गाडीत प्रत्यक्ष काय आहे, कोण बसलंय, हे पाटीवरून कळत नाही, आत डोकवावं लागतं. म्हणजे गोष्टी तीन: पाटी, नोंद आणि गाडी.

फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरं, एमपी४, जेपीजी, एमपी३, ही पाटी. तिला एक्स्टेन्शन म्हणतात. ही रीत जुनी आहे. १९८१ साली आलेल्या डॉसमध्ये नावाला आठ अक्षरं आणि पुढे एक्स्टेन्शनला तीन एवढीच जागा होती, आणि तिथेही ती आधीच्या सीपी/एम या प्रणालीतून आलेली. विंडोज आजही प्रामुख्याने ही पाटी वाचूनच ठरवतं की फाइल कोणत्या प्रोग्रॅमकडे द्यायची. 'एमपी४ आली की अमुक प्लेअर, जेपीजी आली की तमुक व्ह्यूअर' ही यादी विंडोज आपल्या रजिस्ट्रीत ठेवतं. ती कंट्रोलरची नोंद. फाइलच्या आत जे खरं ध्वनिचित्र साठवलेलं असतं, ती गाडी.

फाइल उघडत नाही तेव्हा या तिघांपैकी नेमकं काय चुकलंय, हे आधी शोधायचं. तिघांचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीच्या ठिकाणी केलेला उपाय दुखणं वाढवतो.

पण पाटी दिसली तर पाहिजे. विंडोज ओळखीच्या फाइलींची एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवतं. नवशिक्याला गोंधळायला होऊ नये म्हणून ही सोय केली असेल, पण माझ्या मते तिने भल्यापेक्षा घोटाळाच जास्त केलाय. कुठलाही फोल्डर उघडा. विंडोज ११ मध्ये वर 'व्ह्यू', त्यात 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'च्या पट्टीवरच त्या नावाचा चौकोन आहे, त्यात खूण करा. मी कुणाच्याही कॉम्प्युटरला हात लावला की पहिलं काम हेच करतो. मामेभावाच्या लॅपटॉपवर ते केलं आणि दहा फाइलींच्या शेवटी एएमआर उमटलं. अकरावीच्या शेवटी मात्र एमपी३ होतं. तिच्याकडे नंतर वळू.

एएमआर ही मोबाइल फोनवरच्या बोलण्यासाठी केलेली साठवण. सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने, म्हणजे गाण्यासाठी जेमतेम. पण जागा फार थोडी लागते. उत्तम दर्जाला ठेवली तरी मिनिटाला १०० केबीच्या आत. आजीचे अकराही धवले मिळून अडीच एमबीसुद्धा नव्हते. आजकालच्या फोनचा एकेक फोटो पुष्कळदा याहून मोठा असतो. डिस्क रिकामी करायला म्हणून तो जे उडवायला निघाला होता, ते एवढंच होतं. हा आकडा दाखवल्यावर तो गप्पच झाला.

आता नोंद कशी चुकते ते पाहा. त्याच्या लॅपटॉपवर एएमआर वाजवणारा प्रोग्रॅम नव्हता. विंडोजने विचारलं, ही कशात उघडू? त्याने समोर दिसलेलं नोटपॅड निवडलं आणि 'ऑलवेज' दाबलं. झालं. कंट्रोलरने वहीत लिहून घेतलं की एएमआरची पाटी आली की गाडी नोटपॅडच्या फलाटाला लावायची. तेव्हापासून प्रत्येक धवला तिथेच जाऊन उभा राहत होता. नोटपॅड बिचारं आवाजाचे आकडे अक्षरं समजून वाचत होतं, म्हणून तो कचरा.

नोंद बदलायला आधी योग्य प्लेअर हवा. मी व्हीएलसी वापरतो. पॅरिसच्या एकोल सॉन्त्राल या संस्थेत विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो आला, २००१ पासून त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे, आणि तो फुकट मिळतो. उतरवायचा तो व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. त्याच्या नावाने भलतंच काही चिकटवून देणारी ठिकाणं बरीच आहेत. घाटाखालच्या गावांत नेटचा भरवसा नाही, म्हणून त्याची इन्स्टॉल करायची फाइल माझ्या पेनड्राइव्हवर कायम असते.

व्हीएलसी इन्स्टॉल झाला की न उघडणाऱ्या फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर अ‍ॅप'. यादीतून व्हीएलसी निवडा. विंडोज १० मध्ये खाली 'ऑलवेज यूज धिस अ‍ॅप'पुढे खूण करून ओके, आणि ११ मध्ये 'ऑलवेज' बटण. यादीत व्हीएलसी दिसत नसेल तर तिथूनच 'चूज अ‍ॅन अ‍ॅप ऑन युअर पीसी'सारखा पर्याय घेऊन 'प्रोग्रॅम फाइल्स', त्यात 'व्हिडिओलॅन', त्यात 'व्हीएलसी' असं शिरा. एका फाइलवर हे केलं की त्या पाटीच्या सगळ्या फाइली सुधारतात. दहा धवले असे एका झटक्यात मार्गी लागले.

बऱ्याच प्रकारांच्या नोंदी बिघडल्या असतील तर सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स', त्यात 'डिफॉल्ट अ‍ॅप्स' उघडा आणि व्हीएलसीचं नाव शोधा. विंडोज ११ मध्ये नावावर टिचकी मारली की प्रत्येक एक्स्टेन्शनपुढे सध्या कुणाचं नाव आहे ते दिसतं आणि तिथेच बदलता येतं. 'डिफॉल्ट अ‍ॅप्स'च्या मुख्य पानावर सगळं मूळपदावर नेणारं 'रीसेट'ही आहे. ते शेवटचा उपाय म्हणूनच वापरा, कारण त्यात ब्राउझर आणि पीडीएफच्या नोंदीही पुसून मायक्रोसॉफ्टच्या आवडीच्या होतात.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात: प्लेअर इन्स्टॉल करताना सगळ्या फाइलींवर खूण केली होती, तरी नोंद का बदलली नाही? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही नोंद वापरणाऱ्याने स्वतः केली आहे याची पडताळणी करणारा एक आकडा तिच्यासोबत साठवला जातो. प्रोग्रॅमने परस्पर वही खरडली तर आकडा जुळत नाही आणि विंडोज ती नोंद रद्द करून मूळ अ‍ॅप परत बसवतं. पूर्वी प्रत्येक प्लेअर इन्स्टॉल होताच सगळ्या फाइली बळकावायचा, ते यामुळे थांबलं. म्हणून वर सांगितलेली टिचकी तुमच्याच हाताने पडायला हवी. 'रजिस्ट्री साफ करतो' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांच्या नादी तर लागूच नका.

आता ती अकरावी फाइल. दहा वाजल्या, ही अडून बसली. भावाने सांगितलं, "एमपी३ असलं की वाजतं असं वाटलं, म्हणून नावच बदललं." पुष्कळांची हीच समजूत असते. कल्याणच्या गाडीला टोकावड्याची पाटी लावली म्हणून आतली माणसं टोकावड्याची होत नाहीत. नाव बदलल्याने आतला एक आकडाही हलत नाही, पण विंडोज तिला भलत्या फलाटाला पाठवू लागतं. खरं रूपांतर करायचं तर प्रोग्रॅमने आवाज उलगडून नव्याने साठवावा लागतो. व्हीएलसीमध्ये 'मीडिया'खाली 'कन्व्हर्ट / सेव्ह' आहे, ते हे काम करतं.

मग खरी पाटी कशी ओळखायची? इथे तेच नोटपॅड उपयोगी पडतं. बहुतेक ध्वनिचित्र फाइलींच्या आरंभी काही ठरलेल्या खुणा असतात, नाव काहीही ठेवा. फाइलची एक प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा, पण या वेळी 'जस्ट वन्स'ने. फक्त पहिली ओळ वाचा. रोमन अक्षरांत आयडी३ दिसलं तर बहुधा एमपी३. ओजीजीएस दिसलं तर ऑग, व्हॉट्सअ‍ॅपवरचे ओपस व्हॉइस मेसेज याच जातीचे. आरआयएफएफ असेल तर वेव्ह किंवा एव्हीआय. पहिल्या एकदोन खुणांनंतर एफटीवायपी आलं तर एमपी४ किंवा जुन्या फोनची ३जीपी. पीएनजी फोटोत तीच तीन अक्षरं दिसतात, जेपीजीत जेएफआयएफ किंवा एक्झिफ. वाचून झालं की सेव्ह न करता बंद करा. नोटपॅडमधून सेव्ह केलं तर ते आकड्यांची अक्षरं करून लिहितं आणि फाइल खरोखरच बिघडते. तासाभराचं लग्नाचं शूटिंग असं उघडू नका, कॉम्प्युटर अडकून बसेल.

आजीची अकरावी फाइल मी अशी उघडली. कचऱ्याच्या वर, पहिल्याच ओळीत, हॅशची खूण, उद्गारचिन्ह आणि एएमआर. त्या दहा फाइली नोटपॅडमध्ये उघडायच्या तेव्हाही हीच ओळ सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. दुकानातल्या माणसाच्याही.

पाट्यांचा आणखी एक जुना घोळ आमच्याकडे कपाटाकपाटांत पडून आहे. लग्नांच्या व्हिडिओ सीडी. १९९३ साली ठरलेल्या त्या पद्धतीत 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरात डॅट फाइल असते. ती जुनी एमपीईजी-१ चित्रफीतच आहे आणि व्हीएलसी ती सहसा वाजवतो. पण डॅट हे एक्स्टेन्शन शेकडो प्रोग्रॅम आपापल्या कामासाठी वापरतात, त्यामुळे इथे 'ऑलवेज' कधीच दाबायचं नाही. फाइल हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि व्हीएलसीत ओढून टाका. हे लवकर करा, घरी काढलेल्या सीडींचा थर दमट हवेत टिकत नाही.

तिसरा दोष गाडीचा. पाटी बरोबर, नोंद बरोबर, प्लेअर उघडतो, पण पडदा काळा आणि नुसता आवाज. एमपी४ हा डबा आहे. आतलं चित्र कोणत्या पद्धतीने आवळलंय ते वेगळं, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. हल्लीचे फोन जागा वाचवायला एचईव्हीसी वापरतात, आयफोन तर २०१७ पासून. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला त्यासाठी वेगळी जोड लागू शकते. व्हीएलसीत बहुतेक कोडेक आतच असतात. इथे नोंदी कितीही बदलल्या तरी उपयोग नाही.

एक धोका सांगायलाच हवा. एक्स्टेन्शन लपलेलं असलं की 'हळद.एमपी४.ईएक्सई' ही फाइल नुसती 'हळद.एमपी४' दिसते, आणि टिचकी मारली की व्हिडिओऐवजी प्रोग्रॅम चालू होतो. फोनवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल, त्याच जातीची. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. फोनवर चुकून भलतं अ‍ॅप 'ऑलवेज'ला बसलं असेल, तर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या माहितीत 'ओपन बाय डिफॉल्ट' शोधून नोंद पुसा.

अकराव्या फाइलचं नाव मी पुन्हा एएमआर केलं. विंडोजने नेहमीप्रमाणे घाबरवलं की फाइल निकामी होऊ शकते. मूळ प्रत पेनड्राइव्हवर होती, म्हणून 'येस' दाबलं. डबल क्लिक केल्यावर आधी भांड्यांचा आवाज, कुणीतरी "गप रे पोरांनो" म्हणालं, आणि मग आजी. हळदीचा धवला, पावणेदोन मिनिटांचा. ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या दोन चुलत्या हात थांबवून आत आल्या. दुसऱ्या दिवशी मांडवात नवरीला हळद लागली तेव्हा त्यातल्या धाकटीने तो धवला म्हटला, अडेल तिथे मामेभाऊ लॅपटॉपवर मागे नेऊन पुन्हा लावत होता.