कुंडींतील कंदपुष्पें आणि थंडीची बाकी

बियाण्यासाठीं कांदा लावणाऱ्यास हें सांगावयास नको कीं, हिवाळा अंगावरून गेल्यावांचून त्या कांद्यास फुलाचा दांडा येत नाहीं. आणि खाण्याच्या कांद्यास अवेळीं थंडी लागली, तर नको असतां डेंगळे येतात. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ इत्यादि वसंतांत फुलणाऱ्या परदेशी कंदांचें मर्म ह्याच जातीचें आहे. फरक इतकाच कीं, ट्यूलिपच्या कंदांत कळी उन्हाळ्यांतच तयार होऊन बसलेली असते; तिचा दांडा लांबून वर येण्यास मात्र थंडी लागते.

हॉलंडांत हे कंद आक्टोबर-नोव्हेंबरांत लावितात; हिवाळाभर ते गारठ्यांत पडून राहतात व एप्रिलांत फुलतात. काश्मीरांतही क्रम तोच. श्रीनगरास दल सरोवराजवळ सन २००७ मध्यें खुल्या झालेल्या बागेंत मार्चअखेरीस व एप्रिलांत हा बहर दिसतो. कंद कुंडींत असो वा वाफ्यांत असो, त्याचा हिशेब एकच: नऊ अंश सेंटिग्रेडच्या आंतील थंडी सुमारें बारा ते सोळा आठवडे जमा झाली पाहिजे.

आम्हीं सारी नोकरी दुसऱ्यांच्या जमिनीचा आकार व थकबाकी लिहिण्यांत घालविली. परंतु ही बाकी आम्हांस ठाऊक नव्हती. सन २०२१ च्या दसऱ्यास एका व्यापाऱ्याकडून ट्यूलिपचे बारा कंद घेऊन आम्हीं ते त्याच दिवशीं कुंड्यांत लाविले. पानें आलीं, चार बोटें वाढलीं आणि तेथेंच थांबलीं. शेवटीं एक कंद चिरून पाहिला, तों आंत कळी होती, पण कागदासारखी वाळलेली. सोबतच्या चिठ्ठींत माती व पाणी ह्यांविषयीं सर्व कांहीं होतें. थंडीविषयीं अक्षर नव्हतें. म्हणून ज्या बंधूंस विक्रीसाठीं शेंदोनशें कुंड्या करण्याचा मोह होत असेल, त्यांनीं कंद घेण्यापूर्वीं ‘ह्यांस थंडी दिलेली आहे काय, व किती आठवडे’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

थंडी दिलेली नसेल, तर ती आपण द्यावी. सप्टेंबरच्या मध्यापासून कंद कागदी पिशवींत कोरडे बांधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यांत ठेवावे; गोठणाऱ्या कप्प्यांत नव्हे. त्याच फ्रीजांत सफरचंदें किंवा पिकलीं केळीं ठेवूं नयेत; पिकत्या फळांतून निघणारा वायु आंतील कळी मारतो. डिसेंबरच्या मध्यास, रात्री खऱ्या गार होऊं लागल्यावर, कंद बाहेर काढून लगेच लावावे. आठ इंची कुंडीच्या भोंकावर खापरी ठेवून तांबडी माती, वाळू व जुनें पालाखत समभाग मिसळून भरावें. ताजें शेण अगदीं नको. त्यानें कंद कुजतो. शेंडा मातीखालीं बोटभर राहील इतक्या खोलीवर पांचसहा कंद एकमेकांस न चिकटतील असे बसवावे. ट्यूलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या कडेकडे करावी, म्हणजे पहिलें मोठें पान बाहेर झुकून कुंडी भरलेली दिसते. कुंडी सावलींत ठेवावी आणि माती ओलसर असूं द्यावी, चिखल होऊं देऊं नये. इतकें करूनही आपल्या हवेंत हा कंद बहुधा एकाच बहाराचा धनी; पुढील वर्षीं त्याची आशा धरूं नये. दिल्लीस शांतिपथावर फेब्रुवारींत जे ट्यूलिप फुलतात, तेही बाहेरून आणिलेल्या कंदांचेच असतात.

आमचें मत विचाराल, तर देशावरील शेतकऱ्यानें अमरिलिस लावावी. पुष्कळ बागवान हिला नुसतें लिली म्हणतात. हिला थंडी नको, विश्रांति हवी. कार्तिकांत पाणी तोडावें, पानें वाळूं द्यावीं, आणि आठदहा आठवडे कुंडी कोरडी ठेवावी. जानेवारीअखेर माती बदलून कंद असा लावावा कीं, त्याचा वरचा तिसरा हिस्सा उघडा राहील. मानेपर्यंत पुरल्यास तो सडतो. कुंडी कंदाहून दोन बोटें रुंद असली कीं पुरे. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानें द्यावें. मार्च-एप्रिलांत पोकळ दांड्यावर मोठालीं फुलें येतात. फूल सरल्यावर दांडा कापावा, परंतु पानास हात लावूं नये. पुढील वर्षाची कळी त्याच पानांच्या कमाईवर धरते. ह्या चुकीनें कंद हळूहळू लहान होत जातो, आणि लोक मातीस दोष देतात.

आणखी एक गोष्ट. डॅफोडिल व अमरिलिस ह्यांचे कंद विषारी आहेत, आणि ते दिसतात हुबेहूब कांद्यासारखे. खाण्यांत आल्यास ओकाऱ्या व जुलाब होतात. गुरांसही ते बाधतात. डॅफोडिलला कांद्याचा वास नाहीं, एवढीच खूण. असे कंद कांद्याच्या चाळींत किंवा स्वयंपाकघरांत ठेवूं नयेत. फ्रीजांत ठेविल्यास पिशवीवर ठळक अक्षरांनीं नांव लिहावें, व घरच्या मंडळींस तें वाचून दाखवावें.