पोंग्यातली अळी आणि हातातला कॅमेरा

शेतकरी बंधूंनो, फोटोग्राफी म्हणजे शहरातल्या हौशी मंडळींचा उद्योग, असे तुम्ही म्हणाल. असेना का! पण आज घरटी एक मोबाईल आहे, आणि त्यातून रोज येणारे पिकाचे फोटो बघून आम्हा विस्तार कामातल्या लोकांची पंचाईत होते. पान म्हणजे हिरवा धब्बा, अळी म्हणजे करडी रेघ. त्यावरून औषध काय सांगायचे?

मक्याचेच घ्या. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली प्रथम कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्या राज्यातही शिरली. तिची ओळख सोपी आहे. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनात चार काळे ठिपके. पण हे ठिपके फोटोत उठले पाहिजेत ना! नाहीतर खोडकिडा समजून भलतीच फवारणी होते. औषधाचे पैसे जातात, मजुरी जाते, आणि अळी पोंग्यात आरामात बसून राहते.

मला हा नाद लागला तो यातूनच. एक सेकंडहँड डिजिटल कॅमेरा घेतला आणि फावल्या वेळात बांधावर बसून शिकलो. घरचे म्हणतात, लग्नाच्या अल्बमपेक्षा अळ्यांचा अल्बम जाड झाला. शिकायची रीत मात्र आपलीच ठेवली. खताचा प्रयोग घेताना आपण एका वाफ्यात एकच गोष्ट बदलतो, बाकी सगळे सारखे ठेवतो. इथेही तसेच. एकच पान, एकच जागा, फक्त शटरचा वेग बदलायचा. वाऱ्यावर हलणारे पान सेकंदाच्या साठाव्या भागात पुसट येते, पाचशेव्या भागात थबकल्यासारखे दिसते. भिंगाचे तोंड बारीक केले की पुढचे-मागचे जास्त भाग स्पष्ट येतात, पण उजेड कमी पडतो. पूर्वी ३६ फोटोंचा रोल धुऊन येईपर्यंत काय जमले ते कळत नसे, हौशी लोक वहीत नोंदी ठेवत. आता कॅमेरा स्वतःच नोंद ठेवतो, तरी वही सोडू नये असे माझे मत आहे. लिहिलेले डोक्यात राहते.

मोबाईलवाल्यांनीही नाराज होऊ नये. भर दुपारी फोटो काढू नका; पान चकाकते आणि सावली काळीठिक्कर पडते. सकाळी उन्हे कोवळी असताना काढा, नाहीतर पिकावर पांढरे धोतर धरा. त्यातून गाळून आलेला उजेड फार गोड असतो बघा. मोबाईल अळीला चिकटवू नका, चार बोटे मागे घ्या आणि पडद्यावर अळीवरच बोट टेका. घड्याळजीचे भिंग रबराने मोबाईलच्या डोळ्यासमोर अडकवले तर मावासुद्धा मोठा दिसतो. त्यावेळी हात गुडघ्यावर टेकवा, श्वास रोखा आणि चार-पाच फोटो घ्या, एखादा तरी साधतो.

आम्हाला पाठवताना तीन फोटो हवेत. एक सगळ्या झाडाचा, एक पानाचा (खालच्या बाजूसह, कोळी तिथेच लपतो) आणि एक किडीचा. किडीशेजारी पोराच्या दप्तरातली पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो आक्रसतो आणि ठिपके पुन्हा गायब!

कपाशी फुलावर आली की एक प्रयोग करून बघा. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल दिसले तर ती डोमकळी समजा. आधी बाहेरून फोटो घ्या, मग पाकळ्या अलगद सोडवून आतला घ्या. आत गुलाबी बोंडअळी सापडली तर फोटो लगेच पाठवा, आणि ते फूल तिथेच टाकू नका. शेतातल्या बाकीच्या डोमकळ्याही वेचून अळीसकट नष्ट करा.