दीड वर्षाच्या मुलाचं बोट

केक, फुगे, एक मेणबत्ती, टाळ्या पिटणारी माणसं आणि मधोमध गोंधळून बसलेलं वर्षाचं मूल. अशा २२ वाढदिवसांच्या घरगुती चित्रफिती ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी अमेरिकेत, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जमवल्या. त्यांतल्या ११ मुलांना पुढे ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं होतं. उरलेली ११ चारचौघांसारखी वाढली. पण कॅमेरा चालू होता त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला नाही, बापाला नाही, कॅमेरा धरणाऱ्यालाही नाही.

या चित्रफितींची गरज पडली ती एका जुन्या भांडणापोटी. आईबाप डॉक्टरांना सांगत, “आम्हाला पहिल्या वर्षापासूनच शंका होती.” डॉक्टर म्हणत, निदान कळल्यावर आठवणींना तसा रंग चढतो. आठवणीला रंग चढेलही, पण चित्रफितीला चढत नाही. दोघींनी चित्रफिती लावून मोजदाद केली. मूल समोरच्याच्या चेहऱ्याकडे किती पाहतं? हाक मारली तर वळतं का? हातातली वस्तू कुणाला दाखवतं का? बोट दाखवतं का? एवढ्या चार गोष्टींवरून ११ पैकी १० स्वमग्न मुलं बरोबर ओळखता आली आणि दुसऱ्या गटातलीही ११ पैकी १०. निबंध १९९४ साली छापून आला. यात रक्ताची तपासणी नव्हती, मेंदूचं छायाचित्र नव्हतं. आईबापांचं म्हणणं पोकळ नव्हतं हेही त्यातून दिसलं.

खरं म्हणजे या शोधाच्या प्रत्येक वळणावर मुलाच्या जवळ बसलेलं कुणीतरी माणूस आधी पाहतं आणि शास्त्र मागून येतं. १९२५ साली मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी सहा मुलगे दीर्घकाळ निरखले आणि आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्याचं जवळपास अचूक वर्णन लिहिलं. पुढच्या वर्षी ते जर्मनमध्येही आलं, तरी श्रेय मिळालं ते मागून आलेल्या पुरुषांना. १९३८ साली मिसिसिपीतल्या एका वकिलाने बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाला ३३ पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं. मुलगा डोनाल्ड एकटाच रमतो, हाकेला ओ देत नाही, वस्तू गरगर फिरवत बसतो, ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवतो, असे तपशील पानोपानी होते. कॅनरला त्यात बापाचाच तपशिलांचा अतिरेक दिसला. पण १९४३ साली ११ मुलांवरचा जो निबंध लिहून कॅनर जगप्रसिद्ध झाला, त्यातलं पहिलं मूल डोनाल्डच होतं आणि त्याच्या माहितीचा मोठा भाग त्या पत्रातूनच आलेला होता.

याच कॅनरने पुढे एक वाईट वळण दिलं. या मुलांचे आईबाप थंड, मायेत उणे, असं त्याने लिहिलं. इतरांनी ते उचलून थेट आईला आरोपी केलं आणि आयांची एक अख्खी पिढी स्वतःला दोष देत जगली. १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडं स्वमग्न निघाली. वेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांपैकी एकाही जोडीत तसं नव्हतं. मूळ जन्मजात, जनुकांत आहे याचा हा भक्कम पुरावा होता. तरीही आपल्याकडे “आईने हातात मोबाईल दिला म्हणून” हे वाक्य आज सर्रास ऐकू येतं. मोबाईलने बोलणं रेंगाळू शकतं आणि तो बाजूला ठेवावाच. पण ऑटिझमचा ठपका आईवर ठेवणं म्हणजे विज्ञानाने जवळपास पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या आरोपीला पुन्हा अटक करणं आहे.

आता त्या बोटाकडे येऊ. मूल बोट दोन कारणांनी दाखवतं. एक, “ते मला दे.” दुसरं, “ते बघ!” दुसऱ्यात त्याला काही नको असतं. झाडावरचा कावळा, डहाणू रोडवरून धडधडत जाणारी गाडी, कोंबडीची पिल्लं आपल्याला दिसली तशी आईलाही दिसावीत, एवढीच इच्छा. बोट दाखवून मूल वळून आईचा चेहराही तपासतं, की तिने पाहिलं ना? स्वमग्न मुलात हे दुसरं बोट बहुधा उशिरा येतं किंवा येतच नाही. हवी असलेली वस्तू ते मोठ्या माणसाचं मनगट धरून, त्या हाताचा जणू आकडा करून मिळवतं. सायमन बॅरन-कोहेन, जेन ॲलन आणि क्रिस्तोफर गिलबर्ग यांनी हेच बोट आणि खोटंखोटं खेळणं धरून एक छोटी प्रश्नावली केली. ज्यांच्या घरात आधीच एक स्वमग्न भावंड होतं अशी ४१ आणि सरसकट निवडलेली ५०, अशी दीड वर्षाची मुलं तिच्यावर तपासली. पहिल्या गटातली चार मुलं कळीच्या बाबींत नापास झाली आणि अडीच वर्षांची होईतो नेमकं त्याच चौघांना निदान झालं. १९९२ सालच्या या कामात तपासणारे बडे तज्ज्ञ नव्हते. नेहमीचे डॉक्टर आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका होत्या.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत या बोटाचं मोल आणखी वाढतं, असं मला वाटतं. इथे घरात वारली बोली, अंगणवाडीत मराठी, सीमेच्या बाजारात गुजराती. तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत गप्प बसलं तर कारण ऑटिझमच असेल असं नाही. त्याला सेविकेची भाषाच कळत नसेल. उलट खरोखर अडचण असलेलं मूलही “आमची बोली बोलतो, इथे लाजतो” या सबबीखाली झाकलं जातं. बोटाला बोली लागत नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाबाबतही ते वाट दाखवतं, कारण बहिरं मूल बोलत नसलं तरी हातवारे भरपूर करतं, चेहऱ्याकडे टक लावून पाहतं. कानाची तपासणी मात्र दोन्ही बाबतींत आधी करायचीच. कुपोषणाने मरगळलेलं मूलही एकटं आणि मुकं वाटतं. त्याचं वजन वाढवायचं, पण वजन वाढेपर्यंत बाकी काही पाहायचंच नाही असं करायचं नाही. आणि बोट दाखवत नाही म्हणजे निदान झालं, असंही नाही. ती तपासायला नेण्याची खूण आहे, शिक्का नव्हे.

मूल निरखायला शिकवण्यासाठी इथे सिॲटलहून कुणी यायची गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली इथल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्या कामात आल्या. बालवाडी काढली, वारली मुलं तिथवर येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावलं. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने ताराबाईंनी माँटेसरीची जी रीत आत्मसात केली, तिचा पहिला धडाच हा की मोठ्या माणसाने गप्प राहून मूल पाहावं. १९७५ साली सुरू होऊन पुढे देशभर पसरलेल्या अंगणवाडीची कल्पना या टेकडीच्या आसपास रुजली. आज सेविकेकडे वजनकाटा आहे, पोषण आहार आहे, मोबाईलमध्ये भरायच्या नोंदींचा ढीग आहे. निरखायला वेळ उरत नाही ही तिची तक्रार खरी आहे आणि ती सोडवणं सरकारचं काम आहे.

योगायोग असा की सरकारची याबाबतची योजनाही याच पट्ट्यात जन्मली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ पालघरमध्ये झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांत जे ३० आजार आणि दोष शोधायचे ठरले, त्यांत ऑटिझमचंही नाव आहे. डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे, पाठवतं. तपासणी आणि उपचार मोफत. कागदावर साखळी चोख आहे. पण दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर आणि गुजरातच्या कामांवर निघून जातात; पथक पोहोचतं तेव्हा मूल भट्टीवर असतं, आणि मग पुढची फेरी सहा महिन्यांनी.

केंद्रापर्यंत पोहोचलं तरी पुढे काय, ही खरी धास्ती. ऑटिझम घालवणारं औषध नाही, तशी हमी देणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. लागते ती रोजची, खेळातून, संवादातून दिलेली शिकवण, आणि ती द्यायला पाड्यावर तज्ज्ञ कुठून आणायचा? याचं एक उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळालं. संगत ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचा गट यांनी मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१६ साली लॅन्सेट सायकिॲट्रीत छापून आला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांचं आणि मुलाचं खेळणं चित्रित केलं, ते त्यांना दाखवलं आणि मुलाने दिलेली बारीकशी चाहूलही कशी पकडायची, तिला कसा प्रतिसाद द्यायचा हे समजावलं. आईबापांचा सूर मुलाशी जुळू लागला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळ्याच गोष्टी सुधारल्या नाहीत, हे संशोधकांनी स्वतःच नोंदवलं आहे. पण काही महिन्यांच्या कामात एवढं घडलं, तेही तज्ज्ञ नसलेल्या माणसांच्या हातून.

हाच प्रयोग वारली आणि मराठीत, आशाताई-सेविकांच्या हातून या दोन तालुक्यांत का होऊ नये, याचं पटेल असं कारण मला तरी सापडत नाही.

कागदांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी वापरतात, आणि राष्ट्रीय न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. प्रमाणपत्र मिळेपर्यंत शिकवण थांबवायची नसते.

तुमच्या घरात, पाड्यावर, वाडीत दीड वर्षाचं मूल असेल तर मोबाईल आणि टीव्ही बंद करून त्याच्यापाशी बसा. त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहून नावाने हाक मारा. लांबच्या वस्तूकडे बोट करून “ते बघ” म्हणा. ते बोटाच्या दिशेने पाहतं का, स्वतः कधी काही दाखवतं का, ते पाहा. वर्षाचं होऊनही टाटा करत नसेल, बोट दाखवत नसेल, १६ महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गेले असतील, तर “बापही उशिराच बोलला होता” हे ऐकून गप्प बसू नका. भगताकडे जायचं असेल तर जा, पण त्यासाठी दवाखाना पुढे ढकलू नका. पथक कधी येणार ते सेविकेला आजच विचारा. तारीख लांबची असेल किंवा तुम्ही कामावर बाहेरगावी निघणार असाल, तर तिची वाट न पाहता मुलाला डहाणू, कासा किंवा तलासरीच्या सरकारी रुग्णालयात न्या, कान तपासून घ्या आणि डीईआयसीची चिठ्ठी मागून घ्या.